भाजावळ, फटाके आणि भावकी

गुहागर तालुक्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. पत्र मोठे असल्याने त्यातील मुख्य भाग येथे देत आहोत.

"निवृत्तीनंतर आम्ही दोघे गावी येऊन राहिलो. घराच्या वरच्या अंगाला, सड्याच्या (माथ्यावरच्या कातळपठाराच्या) कडेपर्यंत, काजूची आणि हापूसची कलमे आहेत. गेल्या मार्चमध्ये चुलत दिरांनी भर दुपारी तरवा (भाताची रोपे करायची जागा) भाजायला घेतला आणि ते जेवायला घरी गेले. आग गडगा (दगडी कुंपण) ओलांडून आमच्या बागेत शिरली आणि काजूची निम्मी झाडे करपली. 'वाऱ्याला मी काय करणार?' एवढेच त्यांचे म्हणणे. खाली किनाऱ्यावर एक लॉज झाले आहे. तेथे ३१ डिसेंबरला रात्री उशिरापर्यंत फटाके उडतात, कागदी कंदील हवेत सोडतात. मागच्या वर्षी एक कंदील आमच्या मांगराच्या (बागेतल्या खोपटाच्या) छपरावर येऊन पडला. शिमग्यात पालखीपुढे मध्यरात्री फटाक्यांच्या माळा लागतात, ते निराळेच. या सगळ्यावर बंदी घालणारा नियम कोठे मिळेल आणि तक्रार कोणाकडे करावी? भावकीत वितुष्ट नको, देवस्थानाशी वाद नको, पण बागही पुन्हा जळायला नको. मी स्वतः सायंकाळी अंगणातला पातेरा (वाळका पालापाचोळा) जाळते, त्याला हरकत नसावी असे वाटते."

ताई, सप्रेम नमस्कार.

आपण मागता तसा, सगळ्याच आगींवर एकदम बंदी घालणारा नियम नाही. शेतकऱ्याची भाजावळ (तरवा भाजणे), लॉजवरचे फटाके, शिमग्यातल्या माळा आणि अंगणातला पातेरा या चारही गोष्टींकडे कायदा वेगवेगळ्या नजरेने पाहतो, आणि आपण एकाच अर्जात त्या सगळ्यांची तक्रार केली, तर तो अर्ज पोलीस ठाण्यातून तहसील कार्यालयात आणि तेथून वनखात्याकडे फिरत राहील. म्हणून त्या सुट्या कराव्या लागतील. सगळ्यात जास्त नुकसान भाजावळीने केले आहे, तेव्हा आरंभ तेथूनच करू.

भाजावळ बंद करा, अशी मागणी कृपया करू नका. ती मान्य होणार नाही आणि माझ्या मते होऊही नये. शेणी, कवळ (झाडांच्या तोडलेल्या पालेदार फांद्या), गवत आणि वर मातीचा थर अशी रचून जाळलेली जमीन तणाचे बी मारते, राखेतून रोपांना खत देते, आणि पावसाच्या सुरुवातीला तरवा तणमुक्त उगवतो, हे आपल्या दिरांना त्यांच्या वडिलांकडून ठाऊक झालेले आहे. शिवाय भाजायची जागा लहान असते. जितक्या शेतात लावणी करायची, त्याच्या साधारण दहावा हिस्सा तरव्याला पुरतो. तेवढ्या जागेतल्या आगीने कोणाची बाग जळत नाही. बाग जळते ती तरव्याभोवतीच्या वाळलेल्या गवतामुळे आणि चुकलेल्या वेळेमुळे.

वेळेचा मुद्दा जरा तपशिलात सांगतो, कारण दिरांशी बोलताना आपल्याला तोच कामाला येणार आहे. आपल्या किनाऱ्यावर रात्री आणि पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. ते मंद असतात, आणि फेब्रुवारी-मार्चच्या पहाटे गवतावर दवही असते. ऊन चढले की वारा फिरतो, आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यांचा जोर असतो. आपली बाग तरव्याच्या वर, चढावर आहे. आग मुळातच चढाकडे वेगाने धावते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतात. त्यात समुद्राकडून येणारा वाराही दुपारी तिला त्याच दिशेने ढकलतो. पहाटे लावलेली आणि दुपारी लावलेली आग या कोकणच्या उतारावर दोन निराळ्या आगी आहेत. आणखी एक गोष्ट अशी, की वर मातीचा थर असल्यामुळे तरवा आतून बराच वेळ धुमसतो. वरून विझल्यासारखा दिसतो, माणूस निर्धास्त होऊन घरी जातो आणि तासाभराने वाऱ्याची एक झुळूक आतला निखारा उघडा करते. आपल्याकडे झालेही बहुधा तसेच असावे.

आता 'वाऱ्याला मी काय करणार?' या प्रश्नाला कायद्याचे उत्तर काय आहे ते पाहा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ नुसार, आगीच्या बाबतीत बेपर्वाईने किंवा निष्काळजीपणे वागून मानवी जीव धोक्यात आणणे अथवा दुसऱ्याची हानी होईल असे वर्तन करणे हा गुन्हा आहे. हानी या संज्ञेत मालमत्तेची हानीही धरली जाते. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. म्हणजे स्वतःच्या जमिनीत आग लावणे हा अपराध नसून ती राखायला न थांबणे हा अपराध ठरू शकतो. याच संहितेत कलम ३२६ आहे, ज्यात नुकसान करण्याच्या हेतूने किंवा ते होणार हे जाणून लावलेल्या आगीसाठी सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. रागाच्या भरात कोणी आपल्याला ते कलम लावायला सुचवील. दिरांनी मुद्दाम आग लावली असे आपणच कोठे म्हटलेले नाही, तेव्हा तो आरोप अर्जात घालू नका. तो टिकणार नाही, आणि खरा असलेला निष्काळजीपणाचा मुद्दाही त्याच्याबरोबर बुडेल.

सड्याची वरची बाजू वनखात्याच्या हद्दीला लागून आहे का, हे मात्र आधी पाहून घ्या. कोकणात मालकीची बाग कोठे संपते आणि वन कोठे सुरू होते, हे पुष्कळांना आपल्याच जमिनीबद्दल सांगता येत नाही. राखीव वनाला धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटवणे किंवा पेटती सोडून जाणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि कलम ७९ प्रमाणे वनात गुरे चारण्याचा किंवा लाकूडफाटा आणण्याचा हक्क असलेल्या माणसावर वणवा विझवण्यास मदत करण्याची जबाबदारी येते. हद्द लागून असेल, तर भाजावळीच्या आदल्या दिवशी वनरक्षकाला कळवण्याची रीत वाडीत पडली पाहिजे. मोकळ्या सड्यावरची आग उपग्रहालाही दिसते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था अशा नोंदींवरून वनखात्याला इशारे पाठवते, त्यामुळे 'कोण बघतोय' हा जुना हिशेब आता धरता येत नाही.

हे सारे दिरांना ऐकवायचे कसे, हाच खरा प्रश्न आहे. कलमे तोंडावर फेकून नव्हे. थोरल्या जावेला किंवा दीर ज्यांचे ऐकतात अशा एखाद्या वडीलधाऱ्याला मध्ये घ्या आणि भाजावळीच्या आधी, पौष-माघात, कवळ तोडायचे काम चालू असतानाच बोला. मागणी नेमकी ठेवा. आग उजाडताच लावावी आणि ऊन तापण्यापूर्वी ज्वाळा बसलेल्या असाव्यात. आदल्या संध्याकाळी आपल्याकडे निरोप यावा. तरव्याभोवती आठ-दहा हात रुंदीचा पट्टा गवत काढून, मातीपर्यंत साफ केलेला असावा. दोन माणसे, पाण्याने भरलेली पिंपे आणि ओल्या टहाळ्या हाताशी असाव्यात, आणि धूर पूर्ण बसेपर्यंत कोणी तेथून हलू नये. दिरांचे वय झाले असेल, तर त्या दिवशी एक गडी आपल्या खर्चाने द्या. जळालेल्या झाडांपेक्षा त्याची मजुरी स्वस्त पडेल.

आपल्याकडूनही एक काम व्हायला हवे. चिऱ्यांचा गडगा आग अडवतो ही समजूत सोडून द्यावी. गडग्याच्या फटीत आणि माथ्यावर गवत उगवलेले असते, त्यावरून आग सहज पलीकडे उतरते. गडग्याच्या आतल्या बाजूने, डिसेंबर संपण्यापूर्वी, तसाच साफ पट्टा आपण काढून घ्यावा. वनखाते जंगलात जाळरेषा काढते तीच ही कल्पना, फक्त येथे गवत जाळण्याऐवजी कापून उचलावे. काजूच्या कडेच्या दोन रांगांखाली पाल्याचे आच्छादन ठेवू नका. आतल्या रांगांना ते जरूर ठेवा.

दिरांना नवे काही करून पाहण्याची हौस असेल, तर तरवा न भाजताही रोपे करता येतात, हेही सुचवता येईल. गादीवाफ्यावर कुजलेले शेणखत आणि भाताच्या तुसाची राख घालून केलेली रोपवाटिका भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत सांगितलेली आहे, आणि नेरळच्या सगुणा राइस तंत्रात तर लावणीच नसते, त्यामुळे तरव्याचा प्रश्नच उरत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे किंवा गावच्या कृषी सहायकाकडे याची माहिती मिळेल. मात्र ही गोष्ट आपल्या तोंडून न जाता कृषी सहायकाच्या तोंडून जावी. भावजयीने शेती शिकवलेली कोणत्या दिराला आवडते?

झालेल्या नुकसानीबद्दल आता भांडून फारसे हाती लागेल असे वाटत नाही, कारण त्या वेळी पंचनामा झाल्याचे आपल्या पत्रात नाही. तंटामुक्त समितीसमोर विषय नेता येईल, पण तेथे पैशांपेक्षा झाडे मागा. येत्या पावसात वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ जातीची कलमे दिरांनी आणून द्यावीत आणि खड्डे त्यांच्या माणसांनी मारून द्यावेत, असे ठरले, तर दोन्ही घरांचा मान राहील. पुढच्यासाठी मात्र कागद नीट करून ठेवा. सातबाऱ्यावर आपली फळझाडे नोंदलेली आहेत का, ते पाहा. नसतील तर ई-पीक पाहणीत त्यांची नोंद करून घ्या, कारण कागदावर नसलेल्या झाडाची भरपाई कोणी देत नाही. सातबारा अजून सामाईक असेल, तर ती गुंतागुंत आधी वकिलाला दाखवा. आग लागलीच, तर त्याच दिवशी तलाठी आणि कृषी सहायक यांना लेखी कळवून पंचनामा मागावा, आणि झाडे तोडून साफ करण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत. आंबा-काजूचा हवामानावर आधारित फळपीक विमा या कामी धरू नका. त्याची भरपाई पाऊस, तापमान, वारा यांच्या नोंदींवरून ठरते, बागेत आलेल्या आगीवरून नाही. बागेवरून विजेच्या तारा गेल्या असतील आणि ठिणगीचा संशय असेल, तर विद्युत निरीक्षकांची चौकशी मागावी लागते. गेल्या मार्चमध्ये तसे नव्हते हे आपल्याला माहीत आहे, पण पुढे कोणी आगीचे खापर तारांवर फोडू लागला तर हे लक्षात असू द्या.

लॉजचे प्रकरण तुलनेने सोपे आहे, कारण तेथे नियम स्पष्ट आहेत आणि नातेगोते आड येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ रोजी दिलेल्या निकालानुसार दिवाळी व तत्सम सणांना रात्री आठ ते दहा एवढाच वेळ फटाक्यांना आहे, आणि नाताळ व नववर्षाच्या पूर्वसंध्येला रात्री ११.५५ ते १२.३०. कमी प्रदूषण करणारे, म्हणजे ज्यांना हरित फटाके म्हणतात तेच उडवता येतात. बेरियमची क्षारे असलेले फटाके आणि एकमेकांना जोडलेल्या माळा यांवर बंदी आहे. हरित फटाक्यांच्या खोक्यावर सीएसआयआर-नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचे चिन्ह आणि क्यूआर कोड असतो. आवाजाचीही मर्यादा आहे. फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणारा फटाका विकायला किंवा वाजवायला मनाई आहे. पण आपल्याकडे आवाज मोजायचे यंत्र नाही, आणि पोलीस येईपर्यंत फटाका फुटून गेलेला असतो, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. घड्याळ मात्र सगळ्यांकडे असते. साडेबारानंतर चालू असलेल्या फटाक्यांचे, वेळ दिसेल असे चित्रण करा आणि त्याच क्षणी ११२ ला फोन लावा. त्या फोनची नोंद राहते.

कागदी कंदिलांचा धोका मला फटाक्यांहून मोठा वाटतो. फटाका जेथे उडवला त्याच्या आसपास पडतो. कंदील पेटता असतानाच वारा नेईल तिकडे जातो, आणि डिसेंबरअखेर सड्यावरचे गवत पुरते वाळलेले असते. अनेक ठिकाणी असे कंदील विकण्यास व उडवण्यास मनाईचे आदेश निघतात. ते पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. असा आदेश साधारणपणे दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून गेल्या वर्षीचे कात्रण दाखवून उपयोग होणार नाही. तहसीलदारांकडे आताच लेखी विचारणा करावी, की यंदा आपल्या तालुक्यात असा आदेश आहे का, आणि नसेल तर तो काढावा. मांगराच्या छपरावर पडलेल्या कंदिलाचा उल्लेख त्यात अवश्य करा. प्रत पोलीस ठाण्याला, आणि एक प्रत लॉजच्या मालकालाही द्या. पुष्कळदा तेवढ्याने काम होते, कारण धंदा करणाऱ्याला ३१ डिसेंबरच्या रात्री दारात पोलीस नको असतात.

किनाऱ्याच्या बाबतीत आणखी एक खाते आपल्या बाजूने उभे राहू शकते. वेळास, आंजर्ले, केळशी आणि आपले गुहागर येथील वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, आणि डिसेंबरअखेर हा हंगाम चालू असतो. मादी उजेडाने आणि गडबडीने परत फिरते, आणि पुढे बाहेर पडणारी पिल्ले समुद्राऐवजी दिव्याकडे वळतात. हे कासव वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याच्या घरट्याला वा अंड्यांना त्रास देणेही कायद्याने शिकारीत मोडते. लॉजसमोरच्या वाळूत घरटी होत असतील, तर वाळूवरची शेकोटी आणि फटाके या दोन्हींबद्दल वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा. वणव्याची खबर देण्यासाठीही हाच क्रमांक उपयोगी पडतो.

शिमग्याबद्दल माझे मत आपल्याला कदाचित रुचणार नाही. होळीचा होम हा गावाचा आहे. तो ठरलेल्या जागी, माणसांच्या गराड्यात पेटतो आणि त्याने बाग जळाल्याचे आपणही लिहिलेले नाही. त्याला हात लावू नका. प्रश्न फक्त पालखीपुढच्या माळांचा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजाचे फटाके वाजवण्यास ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई आहे. वर्षातून काही ठरावीक दिवशी रात्री बारापर्यंत जी सवलत शासन देते ती ध्वनिक्षेपकांसाठी असते, फटाक्यांसाठी नाही, आणि नेमकी येथेच गावोगाव गफलत होते. माळांवर तर वेळेची अटच नाही, त्या केव्हाही निषिद्धच. तरीही पहिल्या वर्षी मानकऱ्यांकडे एवढेच मागा, की पालखी बागांच्या पाखाडीने (पायऱ्यांच्या वाटेने) वर चढताना माळ लावू नये आणि लावायचेच तर दारूकाम सहाणेवर (पालखी बसते त्या जागी), मोकळ्यावर, दहाच्या आत उरकावे. ढोल-ताशांनी पालखीची शान जितकी वाढते, तितकी माळेने वाढत नाही, हे गुरवही खासगीत कबूल करील. मुंबईकर मंडळी फटाके बरोबर घेऊन गाडीने येत असतील, तर त्यांना सांगा, की रेल्वेच्या डब्यातून फटाके आणणे हा रेल्वे अधिनियमाखाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

आपल्या पातेऱ्याविषयी: हरकत आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २२ डिसेंबर २०१६ रोजी उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली आणि त्यासाठी पाच हजार रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये वसूल करण्यास सांगितले. पातेऱ्याबरोबर दुधाच्या पिशव्या आणि खताची रिकामी पोती जात असतील, तर तो धूर आधी आपल्याच घरात शिरतो. शिवाय ज्या घरातून रोज संध्याकाळी धूर निघतो, त्या घराने भाजावळीची वेळ ठरवायला सांगितली, तर वाडी काय म्हणेल, याचा विचार व्हावा. पातेरा खड्ड्यात थर देऊन कुजवा. काजूचे पान चिवट असते, त्याला वेळ लागतो. मध्ये मध्ये शेणकाला शिंपडला, तर काम लवकर होते. नारळाच्या झावळ्या चुलीसाठी राखा.

हे सगळे एकट्या घराच्या नावाने न होता गावाच्या नावाने व्हावे यासाठी २६ जानेवारीची ग्रामसभा आपल्या हाती आहे. भाजावळीच्या हंगामाआधीची ती शेवटची सोयीची सभा. विषय विषयपत्रिकेवर यावा म्हणून सरपंच आणि ग्रामसेवक यांना डिसेंबरअखेरीपूर्वी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जावर आणखी दोन-तीन बागायतदारांच्या सह्या असाव्यात, आणि जमल्यास त्यांत एक भाजावळ करणारा शेतकरीही असावा. ठरावात कोणाचे नाव नको. भाजावळ सकाळी, आगाऊ निरोप देऊन, पट्टा काढून आणि माणूस राखून करावी. कागदी कंदील गावच्या हद्दीत सोडू नयेत. वणव्याच्या दिवसांत पोलीस पाटलांकडे फवारणीचे पंप आणि विझवायला धावणाऱ्या तरुणांचे फोन क्रमांक असावेत. एवढे पुरे. अशा ठरावाने कोणाला तुरुंगात टाकता येत नाही, हे खरे आहे. पण ठराव झाल्यानंतर जो दुपारी तरवा पेटवून जेवायला जाईल, त्याला पोलिसांपुढे आणि न्यायालयापुढे वाऱ्याकडे बोट दाखवता येणार नाही, कारण वाऱ्याची वेळ कोणती आणि तेव्हा काय करायचे नाही, हे गावाने त्याला लेखी सांगितलेले असेल. ठरावाची प्रमाणित प्रत मागून घ्या आणि ती सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर ठेवा.